‘लोकल पोरं टिकत नाहीत’ – खरंच?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागून येणारे ट्रकचे हॉर्न काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय मला शोधावा लागला नाही, तो स्वतःच चालत आला. जालना एमआयडीसीत मी सॉफ्टवेअरचं काम करतो हे तुम्हाला माहीतच आहे. हजेरी, गेट पास, पगारपत्रक, कोणता ट्रक किती टन भंगार घेऊन आला, असलं सगळं. सळईच्या कारखान्यांत बसून कोड लिहिणारा माणूस म्हटलं की पुण्यातले मित्र हसतात. त्यांच्या डोक्यात सॉफ्टवेअरवाला म्हणजे काचेची बिल्डिंग आणि फुकटची कॉफी. माझ्या टेबलावर रोज सकाळी काळी धूळ असते. असो, तेही एक ठोकताळाच झालं.

तर झालं असं, की एका कारखान्यातला ठेकेदार माझ्याकडे आला. नाव सांगत नाही, कारखान्याचंही नाही. म्हणाला, “सर, नवीन माणूस घेताना स्क्रीनवर एक जिल्ह्याचा कॉलम दाखवा ना. जालना, संभाजीनगर, बुलढाणा, परभणी असलं की लाल करा.”

मी म्हटलं, “कामून?”

“लोकल पोरं टिकत नाहीत, सर. तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे.”

आणि खरंच होतं. मी दर महिन्याला खाड्यांचा रिपोर्ट काढून देत होतो, आणि त्यात लोकल पोरांचे खाडे बाहेरून आलेल्या मजुरांपेक्षा जास्त दिसत होते. दर महिन्याला. मला त्यात काही खटकलंही नव्हतं, कारण मीही तेच मानत होतो. मागच्या वर्षी माझा मावसभाऊ, भोकरदन तालुक्यातला, आयटीआय झालेला, मला म्हणाला होता, “दादा, तुमच्या तिकडं भट्टीवर काही लागलं तर बघा.” मी त्याला काय म्हणालो? “तू नाही टिकणार रे तिथं.” त्याला एकदाही भट्टीसमोर उभा केला नव्हता मी. तो काही बोलला नाही. नंतर त्याने विचारलंही नाही.

म्हणून आजचा प्रश्न असा: आपण माणसांच्या गटांबद्दल जे ठोकताळे बांधतो, ते किती बरोबर असतात? चांगले की वाईट, हे नंतर बघू. आधी बरोबर की चूक?

यावर आपल्याला शाळेत एक सोपं उत्तर शिकवलेलं असतं, की असले समज सगळे चूक असतात. मला ते उत्तर पटत नाही, आणि अभ्यासकांमध्येही त्यावर एकमत नाही. ‘स्टिरिओटाइप’ हा मुळात छापखान्यातला शब्द. एकदा ओतलेला ठसा, पुन्हा पुन्हा तोच छापायचा. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन याने १९२२ साली तो माणसांच्या डोक्यातल्या चित्रांसाठी वापरला. त्यानंतर बरीच वर्षं मानसशास्त्रात असे समज चुकीचेच असतात असं जवळपास धरूनच चालायचे. मग रटगर्स विद्यापीठातला ली जसिम आणि त्याच्यासारखे काही लोक म्हणाले, अरे पण मोजून बघितलं का कुणी? लोक एखाद्या गटाच्या सरासरीबद्दल काय अंदाज करतात आणि प्रत्यक्ष सरासरी काय आहे, हे शेजारी शेजारी ठेवून बघा. २०१२ साली त्याचं यावर जाडजूड पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं, की बऱ्याच अभ्यासांत हे अंदाज वास्तवाच्या बऱ्यापैकी जवळ निघतात. मुलगे-मुली, किंवा अमेरिकेतले वेगवेगळे वंशगट यांच्याबद्दलचे काही अंदाज तर चांगलेच जवळ.

पण एक जागा अशी आहे जिथे हे अंदाज साफ आपटतात. देशांच्या स्वभावाबद्दलचे. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ४९ संस्कृतींचा अभ्यास आला होता. अमुक देशाचे लोक कसे, याबद्दल लोकांची चित्रं एकीकडे आणि त्याच लोकांच्या स्वभावाची प्रत्यक्ष मापं दुसरीकडे. मेळच नाही. म्हणजे ‘जर्मन असे, इटालियन तसे’ हे आपण जितक्या खात्रीने बोलतो, तितकी खात्री ठेवायला आधार नाही.

आणि काही वेळा तर उलटं निघतं. १९३६ सालचा रिचर्ड लापिएरचा अभ्यास मला फार आवडतो. कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो. तिथे आर्मेनियन लोक मोठ्या संख्येने राहायचे आणि त्यांच्याबद्दल गावात तीन गोष्टी ठरलेल्या: व्यवहारात लबाड, दानधर्मावर जगणारे, आणि कायम कोर्टकचेरीत अडकलेले. लापिएरने काय केलं, तर सरळ नोंदी काढल्या. व्यापाऱ्यांकडची उधारीची नोंद बघितली, मदतीसाठी कोण अर्ज करतं ते बघितलं, कोर्टातले खटले बघितले. उधारीत त्यांची पत चांगली, मदतीला अर्ज इतरांपेक्षा कमी, खटल्यांतही कमी. सगळं गाव ठामपणे सांगत होतं आणि तीनपैकी एकही गोष्ट खरी नव्हती.

म्हणजे समज कधी बरोबर, कधी अर्धवट, कधी उलटा. गावात बसून, सगळे म्हणतात म्हणून, आपला समज यातला कोणता हे कळत नाही.

आता दुसरी पायरी. समजा, तुमचा समज सरासरीपुरता बरोबर आहे. मग? समोरच्या माणसाबद्दल तो किती सांगतो?

समजा, हं, हे आकडे मी हिशेबापुरते घेतोय, कारखान्याचे नाहीत. समजा १०० लोकल पोरांपैकी ६० जण सहा महिने टिकतात आणि बाहेरच्या १०० पैकी ७०. फरक खरा आहे, ठेकेदार बरोबर आहे. आता एक लोकल आणि एक बाहेरचा, डोळे झाकून अशा १०० जोड्या लावा. बाहेरचा टिकला आणि लोकल पळाला, असं २८ जोड्यांत होईल. लोकल टिकला आणि बाहेरचा पळाला, असं १८ जोड्यांत. आणि उरलेल्या ५४ जोड्यांत? दोघेही टिकले किंवा दोघेही गेले. तिथे जिल्हा बघून काहीच मिळालं नाही. म्हणजे अगदी ‘बरोबर’ असलेला समजसुद्धा १०० पैकी २८ वेळाच कामाला आला आणि १८ वेळा त्याने चांगला माणूस घालवला. आणि ज्या पोराला लाल केलं, त्याच्यासाठी हा १८ चा आकडा नसतो. त्याच्यासाठी ती नोकरी असते.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हा इंजिनिअर लोकांवरच केलेल्या प्रयोगातून आली. काहनेमन आणि ट्वर्स्की, १९७३. लोकांना सांगितलं की १०० माणसांची वर्णनं आहेत, ३० इंजिनिअर, ७० वकील. दुसऱ्या गटाला उलटं सांगितलं, ७० इंजिनिअर आणि ३० वकील. मग एक वर्णन वाचायला दिलं: राजकारणात रस नाही, घरी सुतारकाम करतो, गणिती कोडी सोडवतो. हा इंजिनिअर असण्याची शक्यता किती? दोन्ही गटांनी जवळपास तेच उत्तर दिलं! एकूण इंजिनिअर ३० आहेत की ७०, हे लोक विसरूनच गेले. चित्र जुळलं ना, बास. म्हणजे आपण सरासरी वापरतो म्हणतो, पण खरं तर सरासरीही नीट वापरत नाही. चेहरा, आडनाव, बोलायची ढब जुळली की आकडा बाजूला पडतो.

(इथे एपिसोडमध्ये चहा आला होता. तेवढा भाग कापलाय.)

आता माझ्या डेटाबेसकडे येतो. ठेकेदाराला मी म्हटलं, दोन दिवस द्या. खरं सांगू, कॉलम लाल करायला दहा मिनिटं पुरली असती. पण तो ‘तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे’ म्हणाला ना, ते डोक्यात बसलं. रिपोर्ट माझा, तर जबाबदारीही माझी. म्हणून रात्री जुन्या नोंदी उघडून बसलो.

पहिली गोष्ट सापडली ती लाज वाटण्यासारखी होती. माझ्या सिस्टीममध्ये न येण्याचे दोन कोड आहेत. एक ‘खाडा’, म्हणजे न सांगता आला नाही. दुसरा ‘गाव रजा’, म्हणजे मुकादमाला सांगून गावी गेला. बाहेरचा मजूर होळीला किंवा दिवाळी-छटला जातो तो एकदम २०-२५ दिवस जातो, आणि ते सगळे दिवस गाव रजेत पडतात. लोकल पोरगा काय करतो? जूनमध्ये पेरणीला दोन दिवस, कपाशी वेचायला तीन दिवस, चुलतभावाच्या लग्नाला एक, आईला दवाखान्यात न्यायचं म्हणून एक. सुटे सुटे. सगळे खाड्यात. आणि माझा रिपोर्ट मोजत होता फक्त खाडे. हा नियम कुणी लिहिला होता? मी. दोन वर्षांपूर्वी, कुणीतरी घाईत सांगितलं आणि मी एका ओळीत लिहून टाकलं.

दुसरी गोष्ट शोधायला वेळ लागला, कारण ती डेटाबेसमध्ये नव्हतीच. नसलेली ओळ दिसत नाही, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार. बाहेरची टोळी मुकादमासोबत येते. त्यांचा अंगठा मशीनवर लगेच घेत नाहीत. पहिले दहा-पंधरा दिवस मुकादमाच्या वहीत. ज्याला भट्टीची आच सोसत नाही तो चौथ्या-पाचव्या दिवशी परत जातो, त्याच्या जागी दुसरा येतो. जो उरला त्याचाच अंगठा. लोकल पोराचं मात्र पहिल्याच दिवशी आधार, फोटो, अंगठा, सगळं. त्यालाही कारण आहे: सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यावेत अशी राज्याची अट आहे, त्यामुळे कागदावर लोकल माणूस दिसायला सगळ्यांनाच आवडतो. परिणाम काय, तर दोन दिवसांत पळालेला लोकल माझ्या रिपोर्टमध्ये ‘टिकला नाही’ म्हणून बसतो आणि दोन दिवसांत पळालेला बाहेरचा जन्मालाच आलेला नसतो.

तुमच्या लक्षात येतंय का? एका बाजूला गाळून उरलेले लोक आणि दुसऱ्या बाजूला न गाळलेले, आणि मी दोघांची सरासरी शेजारी शेजारी छापत होतो. वर रंगीत चार्टसुद्धा!

दोन्ही चुका दुरुस्त करून पुन्हा हिशेब केला. फरक बराच कमी झाला. पूर्ण गेला नाही, हेही सांगतो, नाहीतर मी पण सोयीचं तेवढंच बोललो असं होईल. पण जो उरला त्याच्याकडे बघा. बाहेरचा मजूर कारखान्याच्या आवारातल्या खोलीत राहतो. पाळी संपली की दोनशे पावलांवर गादी. लोकल पोरगा बारा तासांची पाळी करून तीस किलोमीटर मोटरसायकलवर घरी जातो आणि सकाळी परत येतो. बाहेरच्याने येताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत त्याला जाता येत नाही. आता सांगा, ‘टिकणं’ हा त्याचा गुण आहे की त्याच्या गळ्यातला दोर? एमआयडीसीजवळ खोली करून राहणारी लोकल पोरं पण मी बघितली. त्यांचे खाडे कमी होते. पण ती इतकी थोडी आहेत की त्यावरून काही ठरवणं म्हणजे मीच परत तीच चूक करणं.

आणि ‘बाहेरचे’ हा तरी शब्द किती सैल आहे बघा. आमच्याकडे सळईच्या कारखान्यातला प्रत्येक परप्रांतीय हा ‘बिहारी’ नाहीतर ‘भैय्या’. ८ मे २०२० ची पहाट तुम्हाला आठवत असेल. लॉकडाऊन होता. मी तेव्हा घरीच होतो. जालन्यातल्या एका स्टील कारखान्यात काम करणारे वीस मजूर गावी जायला रुळांवरून चालत निघाले होते. भुसावळला गाडी मिळेल या आशेने. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले, आणि मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर पडलेल्या त्या पोळ्यांचा फोटो देशभर फिरला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला मेसेज होता, ‘बिहारी मजूर गेले’. ते बिहारचे नव्हते. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले होते. आपल्या शहरात काम करणारी माणसं, आणि ती कुठली हेसुद्धा आपल्याला ती मेल्यावर कळलं. ज्या गटाचं नावच चुकीचं आहे, त्याच्याबद्दलचा समज बरोबर की चूक, हे मोजणार तरी कसं?

आणि ‘बाहेरचे टिकतात’ म्हणणाऱ्या याच गावातून ते चालत निघाले होते. काम थांबल्यावर तेही टिकले नाहीत. कसे टिकतील?

हजेरीच्या या धंद्यात असल्यामुळे एक जुनी गोष्ट मला सोडत नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमाती जन्मानेच चोर, असं कायद्यात लिहून टाकलं. ज्यांची नोंद झाली त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागायची, आणि गाव सोडायला पास लागायचा. हजेरी चुकली तर तोच गुन्हा. म्हणजे बघा हं: समज असा की हे लोक गुन्हेगार. त्या समजावरून हजेरी. हजेरी चुकली की गुन्हा दाखल. मग नोंदी काढून बघितल्या तर काय दिसणार? यांच्यात गुन्ह्यांचं प्रमाण जास्त! एखादा प्रामाणिक संशोधक त्या नोंदी घेऊन बसला असता तर त्यालाही समज ‘अचूक’ वाटला असता. सोलापुरात या लोकांना ठेवायला वसाहत होती, तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखतात. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचा. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळालाय. हजेरी आतून कशी दिसते ते त्यात आहे. कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. पण आपल्याकडे आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीवर जाते. जिथे आधी शोधाल, तिथे आधी सापडेल. मग ते सापडलेलं नोंदीत जाईल, आणि नोंद पुढच्या वेळी गाडी कुठे न्यायची ते सांगेल.

मी तर एक कॉलम लाल करणार होतो फक्त. पण कॉलम लाल झाला असता तर लोकल पोरं कमी घेतली असती. घेतली ती भंगार यार्डात, लोडिंगवर, कमी रोजाच्या कामावर लावली असती, कारण ‘कशाला शिकवा, पळूनच जाणार’. आणि कमी रोजाच्या कामावरून माणूस लवकर पळतो. पुढच्या वर्षी माझा रिपोर्ट आणखी लाल. आणि मी म्हटलं असतं, बघा, डेटा खोटं बोलत नाही.

ठेकेदाराला हे सगळं दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नाही. म्हणाला, “सर, तुमचं बरोबर असेल. पण रात्री दोनला भट्टीवर माणूस कमी पडला तर मला खोलीचं दार वाजवता येतं. भोकरदनला फोन करून काय उपयोग?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचा प्रश्न खरा होता, फक्त तो जिल्ह्याचा नव्हता, खोलीचा होता. मी तेच म्हटलं. म्हटलं, मग कॉलम हवा असेल तर ‘राहण्याचं अंतर’ असा टाकू. तो म्हणाला, बघू.

शेवटी काय झालं: सगळ्यांचा अंगठा पहिल्या दिवसापासून घ्यायचा, हे मालकाने मान्य केलं, तेही पीएफच्या भानगडी नकोत म्हणून. रिपोर्टमध्ये खाडा आणि गाव रजा आता एकत्र येतात. लाल कॉलम नाही. पण खोटं कशाला बोलू, आधार कार्डावर पत्ता असतोच आणि ठेकेदाराला डोळे आहेत. लोकल माणसांसाठी खोल्या अजून झालेल्या नाहीत.

मावसभावाला मागच्या आठवड्यात फोन केला. तो आता चाकणला आहे, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत. पाच जण एका खोलीत राहतात, कंपनीच्या मागेच. मी म्हटलं, “मी त्या वेळी तुला असं म्हणायला नको होतं.”

तो हसायला लागला. म्हणाला, “दादा, तुम्हाला गंमत सांगू? इथला सुपरवायझर म्हणतो, लोकल पोरं टिकत नाहीत. मराठवाड्याची घ्या, ती लई टिकतात.”

मग मी विचारलं, पेरणीला येणार का? तर म्हणाला, येणार ना, पण सुटे दिवस नाही घेत, एकदम आठ दिवसांची रजा टाकलीय.